छाती तेवढी जागेवर

दि. ४ फेब्रुवारी

पोरीला कळवू का, असं विचारणारं पत्र तू मला लिहिलंस ते मला मुळीच आवडलेलं नाही. ज्याला कळवायचं असतं तो विचारत बसत नाही, आणि ज्याला धीर होत नाही त्याने निदान म्हातारीच्या खांद्यावर बंदूक ठेवू नये. तक्रार संपली. आता आशीर्वाद घे.

चि. बाळास, म्हणजे एक्कावन्नाव्या वर्षीही जो बाळच राहिला त्याला, आईचे आशीर्वाद.

तू गेलास तेव्हा ह्यांचं जसं होतं तसंच आहे, अजून हॉस्पिटलातच आहेत. उजवा हात उचलत नाही, उजवा पाय ओढतो, तोंड एका बाजूला उतरलंय. डॉक्टर म्हणतात, डोक्यात डाव्या बाजूला रक्त अडलं, बोलणं तिथंच राहतं म्हणे. कळतं सगळं, पण शब्द सापडत नाही. एकच सापडतो. 'आणि'. पाणी हवं असलं तर 'आणि'. उशी टोचली तर 'आणि'. काल मी औषध उशिरा दिलं तर ज्या सुरात 'आणि' म्हणाले, ती शिवी होती एवढं मला कळलं. पंचावन्न वर्षं ऐकतेय.

तुला वाटतं मी निर्दय आहे. असेन. पण तुझ्या ठकीचा इंग्रजीचा पेपर सव्वीस तारखेला आहे. नर्सिंगचे बाकी सगळे विषय पोरीने काढले, याच एका पेपरात दोनदा आपटली. तिसऱ्यांदा बसू देतात, चौथ्यांदा नाही. मग जन्मभर दुसऱ्या नर्सांच्या हाताखाली भांडी उचलायची. आज तिला कळलं तर संध्याकाळच्या बसने इथे येईल, उशाशी बसेल, आणि त्यांना बरं वाटण्याऐवजी काळजीच लागेल. ज्या माणसाने दोन वर्षं तिला शब्द पाठवले, त्याच्याच पायी तिचा पेपर बुडायला नको.

कसले शब्द, असं तू विचारशील. घरात लक्ष असतं तर ठाऊक असतं. हे प्रुफं तपासायचे तो छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने ह्यांना इंग्रजी खिळ्यांचा एक खण दिला, शिशाची अक्षरं. त्यातून दर आठवड्याला खिडकीपाशी बसून हे एक ओळ जुळवतात आणि शाई लावून कागदाच्या पट्टीवर उमटवतात. पाच शब्द, सगळे एका घराण्यातले, म्हणजे पोटात तीच तीच अक्षरं असलेले. खाली अर्थ. ती पट्टी ठकीला जाते. तिचं इंग्रजी जे काही आहे ते त्या पट्ट्यांवर उभं आहे. पडले तेव्हाही हातात तीच ओळ होती. पाच शब्द जुळवून झाले होते, छापायचं तेवढं राहिलं.

तर सव्वीस तारखेपर्यंत तोंड बंद. पुलाच्या कामावर क्रेन चालवतोस ना, तशी जीभही ब्रेकवर ठेव. छत्री विसरून गेलायस, ती दाराआड आहे. तब्येत सांभाळ, आणि माझा राग आला असेल तर तो तिकडेच संपवून मग ये.

तुझी आई

*

दि. ६ फेब्रुवारी

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात आजोबांना तीन पानं आणि आजीला 'नमस्कार सांगा' एवढंच. तेही पान संपलं म्हणून मार्जिनमध्ये, उभं. म्हणून म्हटलं, या वेळी आपणच लिहावं, म्हणजे उत्तर द्यायला तुला माझं नाव वर घालावं लागेल.

इकडे सगळं ठीक. आजोबांच्या बोटावर खिळ्यांचा खण पडला. नख काळं झालंय, बाकी काही नाही. पण लिहिता येत नाही आणि पट्टी उमटवता येत नाही. त्यांनी ओळ जुळवून ठेवली होती, तीच भिंग लावून, बघून बघून मी कागदावर उतरवली. खिडकीवर त्यांची पेन्सिलीने लिहिलेली अर्थांची चिठ्ठी होती, तेही एकेक करून समोर लिहिले. तुझ्या आजीला मराठी तिसरीपर्यंत येतं आणि इंग्रजी दुकानाच्या पाटीएवढंही नाही, तेव्हा अक्षर बघून हसू नकोस. दोन तास लागले. एवढ्या वेळात मी सहा चादरी धुते.

अभ्यास कर. खोलीतल्या मैत्रिणीशी पडद्यावरून भांडण झालं लिहिलं होतंस, ते मिटव. पेपर तोंडावर आला की माणसाने भांडण जपून ठेवावं, नंतर काढावं. दूध पितेस का? न पिता पिते म्हणून लिहू नकोस, मला कळतं.

आजोबा बरे आहेत. प्रेम नेहमीसारखं ठेव, आमच्याकडचं कमी होणार नाही.

आजी

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं नाव वर घातलंय, पाहा.

पत्र आलं तेव्हा मी वॉर्डातून नुकतीच परतले होते. कागद उघडला आणि आधी काहीच कळेना. एस उलटा वळलेला, ई मागे तोंड करून बसलेला. मग लक्षात आलं आणि मी इतकी हसले की जिच्याशी भांडण होतं तीच मैत्रीण काय झालं म्हणून विचारायला आली. भांडण मिटलं, ते तुझ्यामुळे. तिचाच आरसा घेतला. आरशात सगळं सुलट दिसलं. आजी, छपाईचे खिळे उलटे असतात. कागदावर सुलट यावं म्हणून ते उलटे घडवतात. तू उलटंच जसंच्या तसं उतरवलंस. आजोबा समोर असते तर पहिल्या अक्षरालाच त्यांनी तुझा हात धरला असता, असं मी मैत्रिणीला सांगितलं आणि पुन्हा हसले.

मग अर्थ वाचले.

घराणं ई-एस-टीचं आहे. नेस्ट, गेस्ट, चेस्ट, रेस्ट, टेस्ट. धातूत ओळ उलटी, म्हणून पहिला शब्द उजव्या टोकाला येतो. तू डावीकडून सुरुवात केलीस आणि चिठ्ठीवरचे अर्थ वरून खाली लावत गेलीस. त्यामुळे टेस्टचा अर्थ घरटं झालाय आणि नेस्टचा अर्थ परीक्षा. रेस्ट म्हणजे पाहुणा आणि गेस्ट म्हणजे विश्रांती. छाती तेवढी जागेवर आहे, कारण ती मधोमध होती.

बोट दुखलं तर आजोबा लिहिणार नाहीत, हे खरं. अक्षरं उलटी गेली तर गंमत म्हणून जाऊ देतील, हेही एक वेळ खरं. पण चुकलेला अर्थ ते घराबाहेर जाऊ देणार नाहीत. एकदा पट्टी पेटीत पडल्यावर त्यांना एक चूक आठवली तर टपालवाला येईपर्यंत ते पेटीपाशी उभे राहिले होते. तूच सांगितलं होतंस, जेवण थंड झालं म्हणून चिडून. आजोबा मेले तरी अर्थ चुकू देणार नाहीत, असं मी आत्ता लिहायला गेले आणि हात थांबला.

ते घरात आहेत का? बोलतात का? मला नीट सांग.

आईच्या वेळी मी शाळेच्या सहलीला होते. सहल संपेपर्यंत तू मला बोलावलं नाहीस. मी आले तेव्हा तिचे कपडे धुऊन, वाळून, घड्या होऊन कपाटात गेले होते. मी दहा वर्षांची होते, म्हणून काही म्हटलं नाही. आता मी तेवीस वर्षांची आहे.

बाबांनाही आजच लिहिते आहे. उत्तराची वाट बघते. प्रेम आहे, पण आज ते वर येत नाही.

ठकी

*

दि. १४ फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

ठकीचं पत्र आलं. सरळ विचारलंय. खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय आणि खरं लिहायला तुझी बंदी आहे, म्हणून दोन दिवस कार्ड कोरं घेऊन फिरतोय. तूच लिही. आज लिही. छत्री तिथेच राहू दे.

तुझा बाळ

*

दि. १६ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

तू विचारलंस, तर ऐक. मध्ये रडायला थांबू नकोस, पूर्ण वाच.

गेल्या महिन्याच्या एकोणतीस तारखेला सकाळी तुझे आजोबा खिडकीपाशी ओळ जुळवत होते. मी चादर पिळत होते. काहीतरी सांडल्याचा आवाज आला, मी ओरडले की म्हातारपणी हातात बळ नाही तर उचलता कशाला. उत्तर आलं नाही. माझ्या ओरडण्याला उत्तर आलं नाही, तेव्हाच मी ओला हात पुसायला न थांबता धावले. खुर्चीतून एका अंगावर कलंडले होते. खिळे जमिनीवर, पण जुळवलेली ओळ साच्यासकट डाव्या हातात घट्ट. हॉस्पिटलात नेईपर्यंत ती सोडवता आली नाही.

उजवी बाजू गेलीय. नऊ तारखेला घरी आणलं. बसतात, डाव्या हाताने खातात, अर्धं सांडतात. बोलत नाहीत. 'आणि' एवढंच म्हणतात. चिठ्ठी लिहायला दिली तर पेन्सिल फेकतात. डॉक्टर म्हणतात, शब्द येतीलही, नाहीही. असलं तर मीही सांगू शकले असते, त्याला फी कशाला.

आता तुझ्या आईचं. ते पत्र मी चार वेळा वाचलं. मला वाटत होतं, तुला दोन दिवस जास्त हसायला मिळाले, ते मी दिले. तू म्हणतेस, ते तुझ्याकडून काढून घेतले. तेरा वर्षं तू हे पोटात ठेवलंस आणि माझ्या हातचं जेवलीस. तुझी जीभ माझ्यावर गेली असं सगळे म्हणतात, मला आज पहिल्यांदा तसं वाटलं.

पण ऐक. त्या वेळी तू सहल सोडून आली असतीस तरी काही वाचलं नसतं. या वेळी तू पेपर सोडलास तर तुझं सगळं बुडणार आहे, आणि तेही ज्याला बोलता येत नाही त्याच्या नावावर. त्याला नको म्हणायचीही सोय नाही. म्हणून ये म्हणून मी लिहीत नाही, येऊ नको म्हणूनही हुकूम सोडत नाही. तेवीस वर्षांची आहेस, तूच म्हणालीस. ठरव.

चुकीचे अर्थ गेले याचं मात्र मला वाईट वाटलं. छाती जागेवर आहे म्हणालीस. बरं, एवढं तरी.

आजी

*

दि. २० फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

पूर्ण वाचलं. मध्ये थांबले, पण वाचलं.

त्याच दिवशी बॅग भरली होती. मग संध्याकाळच्या पाळीला वॉर्डात गेले. सात नंबरच्या खाटेवर एक सुतारकाका आहेत, आजोबांसारखेच, महिना झाला. त्यांची मुलगी दिवसभर उशाशी असते. त्यांनी तोंड उघडलं की ती शब्द पुरा करते. पाणी का, दुखतं का, पंखा का. ते दमून डोळे मिटतात. आमच्या मोठ्या सिस्टरनी तिला बाहेर नेऊन सांगितलं की तुमच्या प्रेमाने त्यांना तोंड उघडायला जागाच राहिलेली नाही. मी तिथे उभी होते. मला वाटलं, मी आले असते तर मीही हेच केलं असतं. खोलीवर येऊन बॅग रिकामी केली.

तेव्हा पेपर देते आहे. तुझ्या सांगण्यावरून नाही, हे लक्षात ठेव.

आता मी सांगते ते तू कर. एक, ओरडू नकोस. त्यांना ऐकू येतं. दोन, त्यांचा शब्द तू पुरा करू नकोस. मनात शंभर आकडे मोज, मग दोनशे मोज. तीन, त्यांना लहान मुलाची पुस्तकं दाखवू नकोस, ते चिडतील.

सोबत तुझं ते पान परत पाठवते, उलट्या अक्षरांचं आणि चुकलेल्या अर्थांचं. त्यातलं मी काही दुरुस्त केलेलं नाही. रोज सकाळी चहा झाला की ते त्यांच्यापुढे पाटावर ठेव, डावीकडे पेन्सिल ठेव, आणि समोर गप्प बस. ढकललं तर उचलून घे, दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेव. चाळीस वर्षं त्या माणसाने दुसऱ्यांच्या चुका काढल्या. चूक समोर असताना ते किती दिवस हात बांधून बसतात ते बघू.

आणि मला खरं कळव. वाईट असलं तरी. परीक्षेच्या आदल्या दिवशी असलं तरी.

आजोबांच्या डाव्या हातावर हात ठेव माझ्या नावाने. तुझ्यावरचा राग अजून आहे, प्रेमाच्या शेजारीच बसलाय, दोघांचं जमतंय.

ठकी

*

दि. २८ फेब्रुवारी

चि. ठकीस आशीर्वाद.

खरं कळव म्हणालीस, तसंच कळवते.

पान तेवीसला आलं. त्याच दिवशी पुढे ठेवलं. बघितलंही नाही. चोवीसला ढकललं, पेन्सिल कपाटाखाली गेली, ती काढताना माझी कंबर धरली. पंचवीसला त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मी मनात दोनशे मोजता मोजता स्वतःच झोपले. तेव्हा मी ठरवलं होतं की तुला लिहावं, तुझा उपाय फुकट गेला.

सव्वीसला सकाळी पुन्हा ठेवलं. तू तिकडे पेपरला बसली असशील तीच वेळ. मी समोर बसले. मी आणि गप्प, ही बातमी शेजारणीला सांगितली तर ती डॉक्टर बोलावेल. बऱ्याच वेळाने त्यांनी पान डाव्या हाताने उचललं. मला वाटलं आता फाडणार. पण त्यांनी ते पालथं केलं आणि खिडकीच्या काचेला लावलं, मागून. उजेड आला तशी अक्षरं सुलट दिसायला लागली. तुला आरसा लागला होता, त्यांना नाही लागला.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. 'आणि, आणि, आणि.' मी घाबरले, मग कळलं की हसताहेत. माझ्या अक्षराला. उजव्या डोळ्यातून पाणी आलं, पण तो डोळा हल्ली उगाचच गळतो, म्हणून ते मी धरत नाही.

पान पाटावर ठेवलं आणि पेन्सिल घेतली. नेस्टपासून घरट्यापर्यंत एक रेघ ओढली, वाकडी, अर्ध्यात मोडलेली, पण पोचली. मी मोजत होते, आठशेच्या पुढे आकडा चुकला. मग गेस्ट पाहुण्याकडे नेला. रेस्ट विश्रांतीकडे. चेस्ट आणि छाती जागेवरच होती, तिच्याखाली त्यांनी बारीक ठिपके दिले. छापखान्यात ठिपक्यांचा अर्थ 'आहे तसंच राहू दे', एवढं मला त्यांच्याबरोबर राहून ठाऊक आहे. चहाचं भांडं तसंच पडलं होतं, ऊन टेबलावरून जमिनीवर आलं होतं. शेवटची रेघ टेस्टपासून परीक्षेपर्यंत. ती ओढून झाल्यावर पेन्सिल ठेवली, परीक्षेवर बोट टेकलं, दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "आणि?"

आजवर शंभरदा ऐकलाय तो शब्द. त्या दिवशी तो जागेवर पडला. मी सांगितलं की आजच आहे, आत्ता चाललाय, आणि तिला सगळं कळलंय, मी लपवलं होतं तेही. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. तुझ्या आईच्या वेळी सहलीवरून पोरीला आणू या, असं ते म्हणाले होते आणि मी नको म्हटलं होतं. ते तुला कधी कोणी सांगितलं नसेल. आज सांगते. माझं चुकलं असं लिहायला मला जमत नाही, हात तसा वळत नाही. पुन्हा करणार नाही, एवढं मात्र लिहिते, आणि ते खोडणार नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन्सिल घेतली नाही. आज घेतली, नुसती धरली, ठेवली. बोलणं तेवढंच आहे. डॉक्टरांना रेघांचं सांगितलं तर चांगलं आहे म्हणाले, पुढचं काही बोलले नाहीत. तेव्हा फार आशा बांधू नकोस, थोडी बांध.

ते पान पाठवत नाही. तिसरीनंतर मला कोणी तपासून दिलेला तो पहिलाच कागद आहे, कपाटात ठेवलाय. रोज एक घराणं मी त्यांच्याकडून शिकणार आहे. मी चुकवते, ते रेघ ओढतात. चुका करायला मला मेहनत पडत नाही.

तू सुट्टी मिळेल तेव्हा ये. पण पत्र आधी येऊ दे. समोर आलीस की तू बोलशील, मी बोलेन, आणि त्यांना मध्ये शिरायला फट राहणार नाही. पेपर कसा गेला ते मला लिहायचं नाही. वर त्यांचं नाव घाल, अक्षर मोठं काढ, खाली जागा कोरी सोड. बाळालाही बजावलंय, मध्ये कोणी पडायचं नाही. मी पत्र त्यांच्या पाटावर ठेवीन, पेन्सिल डावीकडे ठेवीन आणि मोजत बसेन. एक रेघ येवो, एक ठिपका येवो, महिना लागो. उत्तर तेच देतील.

आजी